ठरल्याप्रमाणे सत्कार

भूगोलाचे सर जागे झाले तेव्हा सगळा शिक्षकवर्ग त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता.

ते झोपले होते हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. उघड्या डोळ्यांनी झोपणं ही त्यांनी परीक्षेच्या वर्गांवर पहारा देता देता कमावलेली विद्या होती. हातात पेन, नजर खिडकीबाहेरच्या गंजक्या पाइपवर आणि मान अधूनमधून आपोआप हलती. बघणाऱ्याला वाटावं, माणूस शब्दन् शब्द तोलून घेतोय. त्या दुपारची मीटिंग वर्षअखेरीच्या कार्यक्रमांची होती. शाळा पाचवी ते आठवीची, आणि वर्षभर जे जे करायचं राहून जातं ते सगळं शेवटच्या पंधरवड्यात उरकायची तिथली रीत. क्रीडादिन, प्रदर्शन, बक्षीस समारंभ आणि सगळ्यात शेवटी आठवीचा निरोप. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकेकाला कामं वाटत होत्या. मैदानावर चुन्याच्या रेषा कोण मारणार, इथपर्यंत सर हजर होते. त्यानंतर पाइप धूसर झाला.

आणि मग थेट कानावर आलं, "…चालेल ना, सर?"

"चालेल, बाई," सर म्हणाले. झोपेतून उठलेल्या माणसाला आपण जागेच होतो हे सिद्ध करायची जी घाई असते, त्या घाईत त्यांनी पदरचा एक शब्द जोडला. "आनंदाने."

त्यावर टाळ्या. संगीताच्या बाईंनी तर चष्मा काढून डोळे टिपले.

सर चक्रावले. शाळेत असं कुठलं काम आहे, जे कुणी आनंदाने घेतलं की संगीताच्या बाईंना रडू येतं? चुन्याच्या रेषा नक्कीच नव्हेत.

तिथल्या तिथे विचारलं असतं तर मिटलं असतं. पण मीटिंगमध्ये प्रत्येकाने पूर्ण लक्ष द्यावं, असा ठराव मागच्याच महिन्यात खुद्द भूगोलाच्या सरांनी मांडला होता. तो एकमताने पास झाला होता. आज सुरुवातीला मोठ्या बाईंनी त्याचा कौतुकाने उल्लेखही केला होता, आणि ते कौतुक ऐकता ऐकताच सरांना पेंग यायला लागली होती.

लाजेचं एक असतं. ताजी असताना गिळली तर गिळली जाते, ठेवली की फुगते. पहिल्या दिवशी विचारणारा माणूस विसराळू ठरला असता. दुसऱ्या दिवशी बेजबाबदार. त्यानंतर विचारणाऱ्याला शाळेत ठेवावं का, हाच विषय पुढच्या मीटिंगला घ्यावा लागला असता. सर रोज सकाळी विचारायचं ठरवून घरून निघत आणि रोज संध्याकाळी कालपेक्षा जरा जास्त ओशाळून परत येत.

तेव्हा आडून आडून चौकशी करणं आलं.

"काय मग, कसं वाटतंय?" त्यांनी जिन्यात संगीताच्या बाईंना गाठून विचारलं. कशाबद्दल, ते सांगायची जबाबदारी बाईंवर.

"मला काय वाटायचंय, वाटायला पाहिजे तुम्हाला," बाई म्हणाल्या. "नशीबवान आहात हो. माझ्या वेळी कुणाला सुचलं नाही. मी आपली पेटी वाजवत बसले कोपऱ्यात."

"नाही, पण तयारी वगैरे काही…"

"तुम्हाला कसली आलीय तयारी? रुमाल आणा म्हणजे झालं." बाईंचा आवाज पुन्हा जड झाला, तसे सर घाईघाईने जिना उतरले.

खेळाचे सर मैदानाच्या कडेला खुर्च्या तपासत होते. त्यांच्या ओठांत कायम शिट्टी असे आणि बोलताना ती वाक्याच्या अधेमधे आपोआप वाजे, त्यामुळे त्यांच्याशी काही गुपचूप बोलणं म्हणजे गावभर दवंडी पिटणंच होतं. तरी भूगोलाच्या सरांनी हिय्या केला.

"ते आठवीच्या निरोपाचं म्हणत होतो मी."

"तुमचं बरंय राव," खेळाचे सर म्हणाले. "आम्ही खुर्च्या उचलणार, पडदे बांधणार, माइकच्या वायरीत पाय अडकून तोंडावर आपटणार. आणि तुम्ही?"

"मी?" सरांनी आशेने विचारलं.

"तुम्ही आपले पहिल्या रांगेत बसणार." शिट्टी वाजली. लांब कवायत करणारी सहावी जागच्या जागी थांबली.

मीटिंगमध्ये काय ठरलं ते भाषेच्या बाईंनी लिहून फलकावर लावलं, तेव्हा सरांना वाटलं, सुटलो. प्रत्येकापुढे त्याचं काम लिहिलेलं होतं. भूगोलाच्या सरांपुढे लिहिलं होतं, 'ठरल्याप्रमाणे'. सरांनी ते जवळून वाचलं, लांबून वाचलं, चष्मा काढून वाचलं. शेवटी तिथून चाललेल्या पाचवीतल्या एका मुलीला मोठ्याने वाचायला लावलं. तीही 'ठरल्याप्रमाणे'च म्हणाली.

या सगळ्यात खरी अडचण होती ती सरांच्या मुलीची. ती याच शाळेत आठवीत होती, आणि बाप शिकवतो त्या शाळेत शिकणं म्हणजे काय, हे तिला एका क्रीडादिनाने कायमचं शिकवलं होतं. त्या दिवशी माइक सरांकडे होता. शर्यतीचं अगदी निःपक्षपाती वर्णन करता करता शेवटच्या वळणावर सर भरमैदानात म्हणून गेले होते, "पळ, पिल्लू, पळ." पिल्लू पळाली ती थेट मैदानाबाहेर. तेव्हापासून अख्खी शाळा तिला पिल्लू म्हणायची. नव्याने आलेली पाचवीतली पोरंसुद्धा म्हणायची. एकदा चुकून मोठ्या बाईही म्हणाल्या होत्या.

यंदा निरोपाचं सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. शाळा सोडताना सगळ्यांनी आपल्याला पिल्लू सोडून दुसरं काहीतरी म्हणून लक्षात ठेवावं, एवढीच तिची अपेक्षा होती, आणि त्यासाठी तिच्याकडे ती एकच संध्याकाळ होती.

"बाबा, एक कबूल कर," जेवताना ती म्हणाली. "त्या दिवशी मला लाज वाटेल असं काही करायचं नाही."

"मी काय करणार आहे?" सरांनी विचारलं. हा प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे आजवर कुणी कुणाला विचारला नसेल.

"काहीच नाही. काहीच करायचं नाहीस तू."

"कबूल," सर म्हणाले.

मुलगी उठून गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे झोपेचं सोडून सगळं.

"झोपला होतात तुम्ही," बायको पातेलं घासता घासता म्हणाली.

"डोळे उघडे होते माझे."

"लग्नातही उघडेच होते. भटजींनी हलवलं तेव्हा कळलं." तिने नळ बंद केला. "बरं, काय काय म्हणाले लोक ते सांगा परत."

सरांनी सांगितलं. बायको बोटांवर मोजत ऐकत राहिली. "तयारी करायची नाही. पहिल्या रांगेत खुर्ची. रुमाल आणा. नशीबवान. टाळ्या. आणि कामाचं नाव मात्र लिहायचं नाही." तिने ओले हात पुसले. "अहो, सत्कार आहे तुमचा."

"माझा? कशाबद्दल?"

"ते मलाही कळत नाही. पण दुसरं काही बसत नाही यात."

सर आधी हसले. मग उठून आरशापुढे गेले. इतकी वर्षं तेच नकाशे, तेच वारे, त्याच नद्या आणि नदीच्या वळणापाशी तोच विनोद. कुणाच्या तरी ते लक्षात आलं होतं तर. लाजेची जागा नम्रतेने घेतली. दोन्हींत मान खालीच असते, त्यामुळे बाहेरून कुणाला फरक कळला नाही.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, निरोपाच्या दिवशीचं ते. खरं तर याची काही गरज नव्हती."

मोठ्या बाईंनी सह्या करता करता वर पाहिलं. "असं कसं, सर? हक्क आहे तुमचा. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी राबलात."

"पण माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत शाळेत."

"यात लायकीचा काय संबंध?" बाईंना नीटसं उमगलं नाही, पण नम्र माणसाला फार खोदून विचारू नये या मताच्या त्या होत्या. "खुर्चीवर तुमचं नाव लावायला सांगितलंय. सहकुटुंब या. आणि फोटो काढायला कुणाला तरी सांगून ठेवा, नाहीतर मागाहून हळहळाल."

फोटो म्हटल्यावर सरांचा उरलासुरला संशय फिटला.

घरी मुलगी कपाटाच्या आरशापुढे उभी राहून, हातात कंगवा धरून सूत्रसंचालनाचा सराव करत होती. सर दारात घुटमळले.

"त्या दिवशी माझं काय ठरलंय, तुला माहीतच असेल."

मुलगी एकदम लालबुंद झाली. कंगवा पाठीमागे गेला. "बाईंनी सांगितलं तुला?"

"सांगितलं."

"आणि तुला राग नाही आला?"

"राग? अगं, मला भरून आलं."

मुलीने मान खाली घातली. "सॉरी, बाबा."

"सॉरी काय त्यात," सर म्हणाले. बापापासून गुपित ठेवावं लागलं म्हणून पोर माफी मागतेय, केवढं हे मन, असं वाटून त्यांचे डोळे पाणावले. ते पाहून मुलीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

इथून पुढे गोष्टी सरांच्या हातात राहिल्या नाहीत. बायकोने त्यांना शिंप्याकडे नेऊन कोट शिवायला टाकला. सरांनी भाषण लिहिलं. ते 'मी या लायकीचा नाही' या वाक्याने सुरू होत होतं आणि पुढे बराच वेळ त्या वाक्याच्या विरोधात जात होतं. बायकोने वाचून अर्धं कापलं, तेव्हा ते खरोखरच नम्र झालं. मग तिने आईला फोनवर फक्त एवढंच सांगितलं, की यांचा शाळेत छोटासा कार्यक्रम आहे. सासूबाई आदल्या दिवशीच येऊन थडकल्या. त्यांना सोडायला मेव्हणा आला, आणि मेव्हण्याचा फर्निचर पोचवायचा धंदा असल्यामुळे तो कुठेही जाई तो टेम्पो घेऊनच.

"जावईबापू, शाळा देणार काय?" सासूबाईंनी पाय धुवायच्या आत विचारलं.

"मी काही विचारलं नाही."

"विचारायचं असतं. मोठी वस्तू दिली तर न्याल कशी, डोक्यावर?"

"टेम्पो आहे की, दाजी," मेव्हणा म्हणाला. "थांबतो मी उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे टेम्पोतून शाळेत पोचले. सभागृह भरत आलं होतं. पहिल्या रांगेत सरांच्या नावाची खुर्ची होती आणि शेजारी घरच्यांच्या. नवा कोट सरांना काखेत काचत होता. स्टेजच्या एका कोपऱ्यात निळ्या कापडाखाली काहीतरी चौकोनी, कमरेएवढं उंच झाकून ठेवलेलं होतं, आणि शेजारच्या स्टुलावर फुलांचा गुच्छ.

सासूबाईंनी त्या वस्तूचं डोळ्यांनी माप घेतलं. "वॉशिंग मशीन दिसतंय."

"आई, हळू बोल," बायको म्हणाली, पण तिचीही नजर तिथून हलेना.

"दोघं लागतील उचलायला," मेव्हण्याने अंदाज दिला.

कार्यक्रम सुरू झाला. मुलगी माइकपाशी आली, तेव्हा मागून कुणीतरी 'पिल्लू' म्हणालंच. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. आवाज खणखणीत, हात मोकळे, थांबायचं कुठे ते बरोबर ठाऊक. गाणी झाली, नाच झाला, पाचवीच्या मुलांनी आठवीच्या मुलांची नक्कल केली. दोन कार्यक्रमांच्या मधे ती असं काही बोलायची की सभागृह हसायचं, आणि प्रत्येक वेळी ती चोरून पहिल्या रांगेकडे बघायची. सर मान हलवत होते. ओठही हलत होते त्यांचे. ते भाषणाच्या दुसऱ्या परिच्छेदात होते.

मग दिवे थोडे मंद झाले आणि मुलीने आवाज खाली आणला.

"आता आपण शाळेच्या अशा एका सदस्याचा सत्कार करणार आहोत, जे कित्येक वर्षं आपल्यासाठी रोज उभे राहिले."

सत्कार हा शब्द कानावर पडताच सरांनी कोटाचं बटण लावलं.

"ज्यांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. एकच गोष्ट हजार वेळा करायला लावली, तरी जे कंटाळले नाहीत. कधी तापले, पण थोड्या वेळाने आपले आपण थंड झाले."

"तुम्हीच," बायको कुजबुजली आणि तिने कोपराने ढोसलं.

सर उठले. मुलीचं बोलणं अजून संपलं नव्हतं, पण उरलेलं तिला नंतरही बोलता आलं असतं. ते स्टेजच्या पायऱ्या चढू लागले. सासूबाईंनी टाळ्या सुरू केल्या. कोणीतरी वाजवतंय म्हटल्यावर बाकीच्या पालकांनीही वाजवल्या.

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने माइक खाली घेतला.

"बाबा, खाली जा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"असू दे गं. मलाही अवघडल्यासारखंच होतंय."

"बाबा, ते झेरॉक्स मशीन आहे."

सरांनी निळ्या कापडाकडे पाहिलं. "झेरॉक्स? आपण घरी काय करणार त्याचं?"

"घरी नाही न्यायचं. सत्कार त्याचा आहे."

शाळेचं जुनं झेरॉक्स मशीन उद्या भंगारात निघणार होतं. जाण्याआधी त्याचा साग्रसंगीत सत्कार करावा, ही कल्पना मुलीची. शाळेतला सगळ्यात कष्टाळू सदस्य कोण, या उत्सुकतेत सगळे असताना कापड ओढायचं आणि गुच्छ झाकणावर ठेवायचा. संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तिने तिथे ठेवला होता. आणि आता तिथे नवा कोट घातलेला तिचा बाप उभा होता.

सरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण भूगोल शिकवत असल्यामुळे ते किती अवघड आहे हेही त्यांना माहीत होतं. टाळ्या थांबल्या. मोठ्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मागच्या रांगांतून कुणीतरी म्हणालं, "पिल्लूचे बाबा," आणि कुणीतरी फिस्सकन हसलं.

मुलीने ते ऐकलं. तिने बापाकडे पाहिलं. त्यांच्या हातात भाषणाची घडी होती. कबूल केलेलं सगळं मोडून ते तिच्यासमोर मान खाली घालून उभे होते, आणि पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत हेही त्यांना आठवत नसावं.

तिने माइक वर घेतला.

"आमच्या सत्कारमूर्तींना बोलता येत नाही," ती म्हणाली. सुरुवातीला आवाज कापला, मग सापडला. "म्हणून त्यांच्या वतीने सत्कार स्वीकारायला आलेत, आपले भूगोलाचे सर." आणि तिने कापड ओढलं.

सभागृह क्षणभर मशीनकडे बघत राहिलं, मग सरांकडे, आणि मग छप्पर उडेल असं हसलं. त्या आवाजात मुलीने गुच्छ सरांच्या हातात कोंबला आणि माइक पुढे केला. "बोल," ती पुटपुटली. "मशीन म्हणून."

सरांपाशी एकच भाषण होतं. तेच त्यांनी उघडलं.

"मी या लायकीचा नाही," ते म्हणाले. हशा.

"मी फक्त माझं काम केलं. समोर जे ठेवलं, ते जसंच्या तसं पुढे दिलं." आणखी हशा. खेळाच्या सरांची शिट्टी हसण्याने वाजली. "स्वतःचं असं त्यात काही घातलं नाही."

हे वाक्य त्यांनी नम्रपणाने लिहिलं होतं. मशीनशेजारी उभं राहून वाचताना ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. कागदावर पुढे आणखी बरंच होतं, पण त्यांनी घडी मिटली.

"वर्षानुवर्षं तेच," ते म्हणाले. "त्याच जागी उभं राहून. अलीकडे तर थोडं पुसटही यायला लागलं होतं. कधी अडकलो, तर तुम्ही झाकण उघडून मोकळं केलंत. दोन थपडाही मारल्यात, पण आपलेपणाने. आभारी आहे."

संगीताच्या बाई हसत होत्या की रडत होत्या ते सांगता आलं नसतं. सर खाली उतरले आणि मोजून मापून शिवलेल्या त्या कोटात जेवढं लहान होता येईल तेवढं लहान होऊन खुर्चीत बसले. उरलेला कार्यक्रम त्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघत काढला.

"काय ऐनवेळी सुचतं हो तुम्हाला," सगळं आटोपल्यावर मोठ्या बाई येऊन म्हणाल्या. "पण आज तुम्ही काही करायचंच नव्हतं. म्हणून तर मुद्दाम काही काम दिलं नव्हतं तुम्हाला."

"काहीच नव्हतं?" सरांनी विचारलं.

"मीटिंगमध्ये बोलले की मी. तुमची लेक आली होती माझ्याकडे. म्हणाली, बाबांना त्या दिवशी कुठलंही काम देऊ नका. मी म्हटलं, किती गोड पोर. शाळेतलं शेवटचं वर्ष, बापाने पालकांसारखं निवांत बसून आपल्याला बघावं, एवढीच तिची इच्छा. तुम्हीही आनंदाने हो म्हणालात. संगीताच्या बाईंना तर स्वतःच्या मुलाचा निरोप आठवला. आता 'काम : काही नाही' असं फलकावर कसं लिहायचं, म्हणून 'ठरल्याप्रमाणे' लिहिलं बिचाऱ्या भाषेच्या बाईंनी."

"हो, हो. आठवतंय मला," सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

मोठ्या बाईंची नजर दाराबाहेर गेली. "तो टेम्पो तुमच्याबरोबर आलाय ना? मग जाता जाता मशीन तेवढं भंगारवाल्याकडे टाकता येईल का? नाहीतरी त्याच्या वतीने तुम्हीच आलात."

मेव्हण्याने आणि खेळाच्या सरांनी मशीन चढवलं. दोघंच लागले. मागची जागा संपली. पुढे मेव्हणा, बायको आणि सासूबाई. सासूबाई शेवटपर्यंत खिडकीतून मागे वळून मशीनकडे बघत होत्या.

"चालू आहे का ते?" त्यांनी विचारलं.

"आई, त्यात कपडे धूत नाहीत," बायको म्हणाली आणि टेम्पो निघून गेला.

बापलेक चालत बस स्टॉपवर आले. बाकाच्या एका टोकाला मांडीवर बॅग घेऊन एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. दुसऱ्या टोकाला ही दोघं बसली, मधे गुच्छ.

"मी गोड वगैरे नाहीये, बाबा," मुलगी म्हणाली. "तू मला बघावंस म्हणून नव्हते गेले मी बाईंकडे. तुझ्या हातात माइक येऊ नये म्हणून गेले होते. मला वाटलं, तुला कळलंय ते. तू म्हणालास, भरून आलं."

"मला वाटलं, माझा सत्कार आहे."

"का वाटलं?"

सरांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. बस येत नव्हती. "मीटिंगमध्ये झोपलो होतो मी," ते म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. टाळ्या, जिना, शिट्टी, फलक, सगळं. मुलगी आधी डोक्याला हात लावून ऐकत होती, नंतर तोंडावर हात ठेवून.

"आणि मी?" हसू आवरल्यावर तिने विचारलं. "मी कशी बोलले?"

"छान बोललीस."

"काय छान होतं?"

सरांनी गुच्छातलं एक फूल नीट केलं. मग दुसरं नीट केलं. "ऐकलं नाही गं मी," ते म्हणाले. "भाषण पाठ करत होतो."

गेल्या पंधरवड्यात सरांना लाजेची सवय झाली होती, पण ही निराळी होती. सगळ्या शाळेने मिळून त्यांना एकच काम दिलं होतं, खुर्चीत बसून पोरीला बघायचं, आणि तेवढंही त्यांच्याकडून झालं नव्हतं.

मुलगी उठली. पर्समधून तिने कंगवा काढला आणि बाकासमोर जाऊन उभी राहिली.

"तू बसूनच राहा," ती म्हणाली. आणि मग सभागृहात लागला होता त्याच आवाजात, "नमस्कार, मंडळी."

"अगं, इथे?" सर दचकले.

"इथेच."

"लोक बघतायत."

"बघू देत."

समोरच्या दुकानातला इस्त्रीवाला हातातली इस्त्री उभी करून बघायला लागला. एक स्कूटर हळू झाली. सरांना कानकोंडं झालं, त्यांनी कोटाची कॉलर वर केली आणि मान आत घेतली. पण ऐकत होते. एकेक वाक्य ऐकत होते. पहिला विनोद खरंच चांगला होता, ते जरा उशिरा हसले. दुसऱ्याला वेळेवर हसले. तिसऱ्याला त्यांच्याआधी वर्तमानपत्रामागून गृहस्थ हसले. मग त्यांनी वर्तमानपत्र मिटून बॅगेवर ठेवलं.

मुलगी आता रंगात आली होती. नाचाचं झालं, नकलेचं झालं. मग तिने आवाज खाली आणला.

"आता आपण अशा एका सदस्याचा सत्कार करणार आहोत, जे कित्येक वर्षं आपल्यासाठी रोज उभे राहिले. ज्यांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. कधी तापले, पण थोड्या वेळाने आपले आपण थंड झाले." आणि मग ते, जे सर पायऱ्या चढत असल्यामुळे सभागृहात कुणालाच ऐकायला मिळालं नव्हतं. "आपण त्यांना फक्त कामापुरतं आठवलं. काम झाल्यावर साधे आभारसुद्धा मानले नाहीत."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला हालचाल झाली. गृहस्थ उभे राहिले होते. बॅग त्यांनी खाली ठेवली, शर्ट नीट खोचला आणि केसांवरून हात फिरवला. डोळे ओले होते त्यांचे.

मुलीचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. तिने बापाकडे पाहिलं. बापाने काही न बोलता गुच्छ पुढे केला.

"छे छे, मी काय असं केलंय," गृहस्थ म्हणाले, आणि तो दोन्ही हातांनी घेतला.